तोट्यातली फेरी

तळा, जि. रायगड
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. निखिल,

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतली वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही विमानाची फेरी एकदाची मी चालवली. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दाखवलेला वेळ दोन मिनिटं, आणि वारा पाठीशी असताना एका खऱ्या वैमानिकाने ती ५३ सेकंदांत उरकल्याची नोंद आहे. एवढ्या वेळात आपल्या स्टँडवर गाडी फलाटावरून मागेसुद्धा येत नाही. तू लॅपटॉपमध्ये भरून दिलेल्या, पडद्यावर विमान उडवायच्या फ्लाइटगियरमध्ये सेसना आपसूक मिळतं, म्हणून मी सेसनाच नेलं. खरी फेरी लोगनएअरचं आयलंडर विमान करतं; दोन पंखे, आठ-दहा उतारू, १९६७ पासून नेमाने. उंची घेतली म्हणावं तोवर ती सोडायची वेळ येते. मामी मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढ्यासाठी विमान कशाला? होडी घ्यायची की."

मामीचा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. ऑर्कनीतल्या कर्कवॉलहून निघालेलं विमान छोट्या बेटांना शिवत जातं, आणि ही दोन मिनिटं त्या वाटेतला एक टप्पा. त्यातून शिक्षक जातात, डॉक्टर जातात, कर्कवॉलच्या दवाखान्यात निघालेला पेशंट जातो. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत. एसटीच्या रोहा आणि माणगाव आगारात वाहतूक नियंत्रकाच्या टेबलावर हयात घालवलेल्या माणसाला अशी फेरी दिसली की पहिला प्रश्न सुचतो तो भारमानाचा, म्हणजे किती जागा भरतात त्याचा. शंभराच्या आतल्या वस्तीला भारमान कुठून येणार? तिथली कौन्सिल सरकारी पैशातून तूट भरते, तेव्हा विमान उडतं.

आमच्याकडे अशा फेरीला तोट्यातली फेरी म्हणत. वरून काटकसरीचा कागद आला की पहिली फुली तिच्यावर. आणि त्या फेऱ्या कुठल्या असत? बहुधा वस्तीच्या. रात्री शेवटची गाडी गावात जायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओटीवर पथारी टाकायचे, कोणीतरी भाकरी आणि सुकटीचं कालवण आणून द्यायचं. पहाटे गाडी निघताना आत कोण, तर कॉलेजची चार पोरं, भाजीचे दोन हारे, माहेरपणाहून परत निघालेली एखादी बाई आणि सरकारी दवाखान्यात निघालेला म्हातारा. वेबिलात उत्पन्न भरताना माझाच हात जड व्हायचा. पण ती गाडी बंद झाली की पोरं वर्षभरात शाळा सोडत, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. गाव होतं तिथंच असायचं, फक्त लांब जायचं. गाव किती लांब हे तूट सोसणारा ठरवतो, असं माझं नोकरीतलं मत होतं. तुझ्या त्या उत्तरेच्या बेटांवर फिरताना ते आणखी पक्कं झालं.

आकडा बघ. ऑर्कनीची सगळी बेटं मिळून माणसं २२,००० च्या आसपास. आपला एकटा तळा तालुका त्याहून मोठा. रायगड जिल्ह्यात उतारूंचं विमान कुठे उतरतं, तर आता पनवेलच्या बाजूला नवी मुंबईचा विमानतळ झालाय, तिथे. मला इथे धावपट्टी नको आहे, गैरसमज करून घेऊ नकोस. मला ऑर्कनीसारखं वेळापत्रक हवंय.

त्या वेळापत्रकाची सुरुवातही वाचण्यासारखी आहे. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं ते १५ ऑक्टोबर १९३२ ला. कॅप्टन फ्रेसन नावाच्या गृहस्थांनी इन्व्हरनेसहून कर्कवॉलची सेवा सुरू केली ८ मे १९३३ ला. अंतर सात महिन्यांचं. पुढच्याच वर्षी, २९ मे १९३४ पासून, फ्रेसनच्या विमानातून ऑर्कनीचं टपाल साध्या तिकिटात जायला लागलं. हवाई टपालाचा वेगळा आकार नाही. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच झालं. ज्याने कोणी तो आकार घेऊ नये असं ठरवलं, त्याला मी आगारप्रमुख केला असता. आपल्या कोकणपट्टीला तेव्हा बोट होती. बंदरोबंदरी थांबणारी, ओकाऱ्या काढायला लावणारी, पण होती. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला रेवसला येता येता बुडाली, सहाशेवर माणसं गेली. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून तू ते ऐकलेलं आहेस. त्यानंतरही कोकणातल्या बोटी काही दशकं चालल्या आणि मग हळूहळू थांबल्या. त्या बुडाल्या नाहीत, परवडेनाशा झाल्या.

आता मूळ दौऱ्याकडे येतो. पापा वेस्ट्रेवरून नॉर्थ रोनाल्डसे. या बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने दगडी गडगा घातलाय, १८३२ मधला. गडगा म्हटलं की आपल्याला वाटतं गुरं आत ठेवायची. इथे मेंढ्या बाहेर, समुद्राच्या बाजूला, आणि शेत आत. मेंढ्या शेवाळ खातात, समुद्रातलं. मामीचा विश्वास बसेना. लॅपटॉपवर गडगाही दिसत नाही आणि मेंढ्याही नाहीत, त्यामुळे पुरावा देता आला नाही.

पुढे फेअर आयल, आणि तिथून फूला बेटाकडे निघालो. या वाटेत ६० अंश अक्षांशाची रेघ ओलांडली जाते. ती मी मुद्दाम शोधून ओलांडली, कारण तिची एक गोष्ट आहे. विमान उडवायचं तर यंत्राला खालचे डोंगर ठाऊक पाहिजेत. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेचं एंडेव्हर यान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. साठ मीटरचा दांडा बाहेर काढून, त्याच्या टोकाला अँटेना लावून, रडारने जमिनीची उंची मोजत गेलं. यानाची वाट अशी तिरकी होती की उत्तरेला साठ अंशांच्या पुढचं त्याच्या नजरेत येत नव्हतं. म्हणजे ऑर्कनी मोजलं गेलं, फेअर आयलही मोजलं गेलं, पण फूला आणि जवळजवळ सगळं शेटलंड रेघेपलीकडे राहिलं. त्यांची उंची दुसऱ्या नकाशांवरून भरावी लागली. आणि आपल्या गावचा किल्ला, तळगड? तो रीतसर मोजला गेला. अंतराळातून मोजलेला आपला डोंगर आणि निसटलेलं शेटलंड! मी मामीला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "मग काय, पाणी येणार का गडावर?"

पण मोजणं आणि मोजणं यात फरक असतो, हे जुहूहून निघून घरी येताना कळलं. तो माझा दुसरा दौरा. जुहूवरून दक्षिणेला, खांदेरी-उंदेरी उजवीकडे ठेवून, अलिबाग, मुरूड, आणि राजपुरीच्या खाडीत डावीकडे वळून तळा. सगळ्या वाटेत समुद्र झकास होता, आणि किल्ले नव्हते. जगभर मिळणाऱ्या त्या मोजणीत दर ९० मीटरला एक उंची धरलेली होती. जंजिऱ्याचं क्षेत्र २२ एकर. हिशेब केलास तर त्या अख्ख्या किल्ल्याच्या वाट्याला अकरा टिपके येतात. अकरा टिपक्यांत बुरूज बसवायचे कुठे आणि कलालबांगडी तोफ ठेवायची कुठे? माझ्या पडद्यावर जंजिरा म्हणजे पाण्यात पडलेला हिरवा डाग, आणि पद्मदुर्ग तर तेवढाही नाही. तळगडाचा माथा अरुंद, लांबट. दोन टिपक्यांच्या मधे तो घसरून जातो. हजारेक फुटांचा डोंगर आहे, पण कडा गेला, टाक्यांची रांग गेली, राहिला एक गोल उंचवटा. यात स्कॉटलंडवर काही मेहेरबानी नाही. ऑर्कनीतल्या होय बेटाजवळचा १३७ मीटर उंच सुळकाही टिपक्यांच्या मधून असाच निसटतो. फरक पुढे पडतो. फ्लाइटगियर फुकट आहे, कारण ते हौशी लोकांनी फावल्या वेळात बांधलंय. ज्याला आपल्या गावचं दीपगृह हवं असतं तो ते स्वतः घडवून त्यात बसवतो. जिथे असा माणूस निघाला, तिथे पडद्यावर काहीतरी उभं आहे. आपला जंजिरा अजून कोणी उभा केलेला दिसत नाही. पगार कोणालाच नाही, म्हणजे इथेही तूट कोणीतरी सोसतंच.

हवामानाचं तर आणखी गमतीचं. यंत्र खरं हवामान जवळच्या विमानतळाच्या निरीक्षणावरून घेतं. कर्कवॉलला उडताना कर्कवॉलचा वारा, शेटलंडच्या सम्बर्गला सम्बर्गचा. तळ्यावर उडताना मात्र मुंबईचा, शंभरेक किलोमीटरवरचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात घुसलं, तेव्हा आपल्या पडवीचे पत्रे शेजारच्यांच्या फणसावर गेले होते आणि पुढे कित्येक आठवडे गावात वीज नव्हती. त्या दुपारी कोणी इथे हे यंत्र लावून बसला असता तर त्याला मुंबईचं वादळ दिसलं असतं, आपलं नाही. अर्थात लावणार कशावर, हा प्रश्न आहेच.

सम्बर्गला उतरताना एक मजा बघितली. धावपट्टी मोटारींच्या रस्त्याला आडवी जाते. विमान आलं की फाटक पडतं आणि गाड्या थांबतात. इतका सरळ मार्ग मला कोणत्याही खात्यात सुचवू दिला नसता.

आणखी एक बेट मी वाट वाकडी करून केलं, बारा नावाचं. ते उत्तरेचं नव्हे, पश्चिमेचं. तिथे विमान पुळणीवर उतरतं, आणि वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरतं. हे वाचून मला कोण आनंद झाला! कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणारी माणसं आपण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे तुला आजोबांनी शिकवलेलं आठवतं का? अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. बाराच्या विमानतळावर हा हिशेब चालेल का, बंदराबंदराला फरक पडतो, पण वेळापत्रक लावणाऱ्याने चंद्राकडे बघायचं ही पद्धत मला पसंत आहे.

यंत्राचा जन्म कसा झाला तेही वाचलं. एडविन लिंक नावाच्या माणसाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. १९२९ मध्ये पोराने ऑर्गनचे भाते लावून एक खोटं विमान बनवलं. हवा भरली की नाक वर, सोडली की खाली. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं विकलं गेलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात पाचेक लाख वैमानिक त्याच्यावर शिकले. आपल्या भजनी मंडळाच्या पेटीतसुद्धा भाताच असतो. मी बुवांना सांगितलं तर ते म्हणाले, आमची उडत नाही, सुरातसुद्धा राहत नाही.

सेंट किल्डाला जाण्याची मनाची तयारी अजून झालेली नाही. तिथे आता कायमचं कोणी राहत नाही. हेब्रिडीजच्याही पलीकडे, भर अटलांटिकात. पूर्वी तिथले लोक लाकडी डब्यात पत्र घालून, मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधून समुद्रात सोडत, आणि वारा असेल तसं ते कुठेतरी किनाऱ्याला लागे. नेमाची फेरी नाही, नेमाचा डॉक्टर नाही. शेवटी उरलेल्या ३६ जणांनी आपणहोऊन विनंती केली आणि २९ ऑगस्ट १९३० ला त्यांना बोटीत बसवून नेलं. तेव्हाच्या सरकारने फेरीचा खर्च आणि बेट रिकामं करण्याचा खर्च यांची तुलना केली असेल का, हे मला जाणून घ्यायचंय. अशा कागदांवर माझ्या सह्या आहेत, म्हणून.

लांब कशाला, आपल्याकडच्या आगरदांडा-दिघीचं तुला ठाऊक आहेच. आगरदांड्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे दिघी समोर दिसते. जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, असली की थोडक्या वेळात मोटारसायकलीसकट पलीकडे. नसली की उलटं तळ्याला यायचं, पुढे म्हसळ्याकडे वळायचं आणि मग दिघी. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात तिथे पूल आहे. तो होईल तेव्हा होईल. तोवर पावसाळ्यात आणि रात्री-अपरात्री काय, याचं उत्तर कोणाच्याच वेळापत्रकात नाही. मामीला मी हेच सांगितलं, की होडी घ्यायची खरी, पण होडीवाल्याला रिकामी होडी सोडायला पैसे कोण देणार ते आधी ठरवावं लागतं.

तर माझं काम असं. तू राहतोस त्या अ‍ॅबर्डीनहून कर्कवॉल काही फार लांब नाही. सुट्टी काढ आणि ती दोन मिनिटांची फेरी खरोखरची कर. प्रवाशाला दाखला देतात म्हणे. तो आण, पण त्याहून मला पुढची माहिती हवी आहे. हिवाळ्यात भारमान किती. कौन्सिल तूट वर्षाची धरते की फेरीमागे. धुकं आलं आणि फेरी रद्द झाली, तर पेशंटला निरोप कोण देतं. आणि वैमानिक रात्री वस्तीला कुठे असतो, त्याच्या जेवणाचं कोण बघतं. वैमानिकाला थेट विचारायला लाजू नकोस, एसटीतल्या माणसाला पाहिजे म्हणून सांग.

मामीने फेअर आयलच्या लोकरीचा स्वेटर सांगितलाय. इथे घालणार कधी, असं मी विचारलं, तर माथेरानला जाऊ म्हणाली. माप सोबतच्या चिठ्ठीत आहे.

तुझा,
मामा

ता. क. जॉयस्टिकचं डावीकडचं बटण अडकतंय. तेल घालू का, की तसंच ठेवू, ते फोनवर सांग.