डिस्क खाल्ली कुणी?

वजन वाढलं की आपण खापर फोडतो वडापाववर आणि दुकानातल्या कॉम्प्युटरची डिस्क भरली की ऑपरेटरवर! धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला, माझ्या मामांच्या कृषी सेवा केंद्रात नेमकं हेच चाललं होतं. जून महिना, पेरण्या तोंडावर, काउंटरपुढे सोयाबीनच्या बियाण्यासाठी गर्दी... आणि स्क्रीनवर 'डिस्क फुल'. बिलच निघेना!

"हे पोरगं रात्री पिच्चर उतरवायलंय," मामांचा निकाल तयार होता. "महिना भरला की त्याचा हिशोब करून टाकतो." बी.कॉम. झालेला तो पोरगा कोपऱ्यात गप्प उभा. त्याचं घर याच पगारावर चालतं. पुण्याहून दोन दिवसांसाठी गेलेली मी म्हटलं, "मामा, आधी मोजू या. मग बोला."

डिस्क १२० जीबीची. सगळे फोल्डर सिलेक्ट करून साइज बघितली, तर बेरीज जेमतेम ६० जीबी. पिच्चर एकही नाही. मग उरलेली जागा गेली कुठे? फंडा असा, की ज्या फोल्डरमध्ये शिरायची आपल्याला परवानगी नसते, तो या बेरजेत धरलाच जात नाही. म्हणून विनडिरस्टॅट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून चालवलं. ते प्रत्येक फाइलचा तिच्या साइजच्या हिशेबात रंगीत चौकोन काढतं. स्क्रीनचा जवळपास अर्धा भाग एकाच चौकोनानं व्यापलेला! बिलिंगच्या डेटाबेसची लॉग फाइल, ४८ जीबी. आणि खरा डेटा? १ जीबीसुद्धा नाही.

लॉग म्हणजे दुकानातली रोजकीर्द. प्रत्येक बिल, प्रत्येक दुरुस्ती आधी तिथे, मग खातेवहीत. मध्येच वीज गेली तर डेटाबेस याच नोंदींवरून सावरतो. त्यामुळे ही फाइल डिलीट करायच्या फंदात पडू नका! गंमत म्हणजे, पोरगा रोज रात्री न चुकता पेनड्राइव्हवर बॅकअप घेत होता. पण डेटाबेस 'फुल रिकव्हरी' मोडवर असेल, तर डेटाच्या बॅकअपनं लॉगमधली जागा मोकळी होत नाही. लॉगचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. तो सिस्टिम बसवून देणाऱ्यानं कधी लावलाच नव्हता.

त्याला फोन केला. त्यानं लॉगचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला, तो रोज आपोआप होईल असं सेटिंग केलं आणि फुगलेली फाइल एकदाच लहान करून दिली. दुपारी बिलं सुरू!

मामा सॉरी म्हणाले? छे! संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाले, "उद्या लवकर ये रे, गर्दी राहील." पोराला तेवढं पुरलं.

तुमच्या ऑफिसातला सर्व्हर असाच भरत चालला, तर कुणी काय डाउनलोड केलं ही कुजबुज नंतर. आधी फाइली साइजप्रमाणे लावून बघा. कुणाची नोकरी जाण्याआधी निदान आकडा तरी बघायला हवा ना, बॉस?