निळी नोट

व्हिएतनाममध्ये उतरल्यावर तासाभरात माणूस लक्षाधीश होतो. गेल्या वर्षी हनोईच्या विमानतळावर मी शंभर डॉलर मोडले आणि हातात जवळजवळ पंचवीस लाख डोंग आले. पुढचे दोन दिवस मी बायकोशी बोलताना ‘लाख’ हा शब्द उगाचच वापरत होतो. हिशेब तसा सोपा आहे. शेवटची तीन शून्ये झाकायची, उरलेल्या आकड्याची तिप्पट करायची आणि वर थोडे चढवायचे, की रुपये झाले. तिथली माणसेही शून्यांना कंटाळलेली असावीत. मेनूकार्डावर 50 लिहिलेले असले तर ते पन्नास हजार समजायचे.

गोम आहे ती रंगात. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. दोन्ही गुळगुळीत प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो चि मिन्ह. एकीची किंमत साधारण पासष्ट रुपये, दुसरीची साडेसोळाशे.

निन्ह बिन्हजवळ ताम कोक नावाची जागा आहे. चुनखडीच्या उभ्या डोंगरांमधून न्गो डोंग नदी वाहते आणि डोंगरांच्या पोटातल्या तीन गुहांखालून होडी नेतात. आमची होडी वल्हवणारी बाई पन्नाशीची असेल. ती हातांनी नव्हे, पायांनी वल्हवत होती. मागे रेलून बसायचे, वल्ह्यांच्या मुठी तळपायांनी ढकलायच्या. जवळजवळ दोन तास तिचे पाय चालले होते. मध्येच तिने एका हाताने घाम पुसला आणि बायकोला ऊन लागते म्हणून स्वतःची छत्री दिली. भाषा कोणालाच कळत नव्हती, त्यामुळे आम्ही तिघेही फक्त हसत होतो.

परत घाटाला लागल्यावर मी पाकिटातून निळी नोट काढून तिला दिली. तिने नोटेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि ती दोन्ही हातांनी घेतली. पासष्ट रुपयांसाठी केवढी ही अदब, असे वाटून मला स्वतःबद्दलच फार बरे वाटले.

रात्री खोलीवर पैसे मोजायला बसलो आणि पाच लाखांची एक नोट कमी भरली. वीस हजारांच्या होत्या तितक्याच होत्या. तेव्हा कुठे मी नोटा उलटून पाहिल्या. वीस हजारांच्या मागे होई आनचा छपराचा जुना पूल आहे, पाच लाखांच्या मागे हो चि मिन्हचे गावाकडचे घर. तिचे ते माझ्याकडे पाहणे आता वेगळेच वाटायला लागले. तिला चूक कळली होती का? कळूनही गप्प बसली का?

“सकाळी जाऊन विचारू या,” मी म्हणालो. “होडीचा नंबर आहे माझ्याकडे.”

“अहो, काय विचारणार?” बायको म्हणाली. “आणि कुठल्या भाषेत?”

मी उत्तर दिले नाही, पण झोपही आली नाही. माझे वडील गिरगावात एका हॉटेलात वेटर होते. बडीशेपेच्या बशीत राहिलेले सुटे पैसे गल्ल्याजवळच्या एका डब्यात जात आणि रात्री सगळ्यांत वाटले जात, फडके मारणाऱ्या पोऱ्यासकट. एकदा एका गिऱ्हाईकाने दहाची समजून शंभराची घडी केलेली नोट ठेवली. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, माझे नव्वद रुपये द्या. डबा तर आदल्या रात्रीच वाटून झाला होता. अण्णांनी ते पगारातून भरले. गिऱ्हाईक वाईट नव्हते, असे ते सांगत. त्याचे पैसे होते, त्याने मागितले. पण हे सांगताना ते आमच्याकडे पाहत नसत. मी तेव्हा सातवीत होतो. ते गिऱ्हाईक कसे दिसत असेल याचे एक चित्र माझ्या डोक्यात तयार झाले होते. चष्मा, खिशाला पेन, काखेत बॅग. त्या रात्री ताम कोकच्या खोलीत आरसा समोरच होता.

सकाळी आम्ही घाटावर गेलो नाही.

इथे थांबलो तर मी बरा माणूस ठरेन, म्हणून पुढचेही सांगतो. उरलेल्या तीन दिवसांत मी कोणालाच टिप दिली नाही. हनोईपर्यंत आणणाऱ्या ड्रायव्हरला नाही, पाचव्या मजल्यावर बॅगा चढवणाऱ्या मुलाला नाही. तिथे टिपची फारशी पद्धत नाही, असे मी बायकोला दोनदा ऐकवले. ते खोटे नाही. पण मनात मी पाच लाखांतून प्रत्येक वेळी वीस-वीस हजार वजा करत होतो. ती बाई फेडत होती असे म्हणा, नाहीतर बॅगा उचलणारा तो मुलगा.

निघायच्या सकाळी बायकोने खोली झाडणाऱ्या मुलीसाठी उशीजवळ एक निळी नोट ठेवली. ती बाथरूममध्ये गेल्यावर मी हळूच नोट उलटून पाहिली. मागे पूल होता.