मूळ रंग आणि घाटाचा रस्ता

जुनी मोटरसायकल घरी उघडून पुन्हा उभी करायची म्हटलं की पहिला वाद रंगाचा निघतो. टाकीवरचा पट्टा कंपनीच्याच मापाचा आहे का, मडगार्ड मूळचं की बाजारातलं, मोनोग्राम अस्सल की नकली. शहरांतल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत हा वाद शोभतो, कारण तिथे गाडी बघण्यासाठी मांडलेली असते. नंदुरबार जिल्ह्यात फटफटी मांडून ठेवण्यासाठी सहसा कुणी दुरुस्त करत नाही. ती शहाद्याच्या पपईच्या शेतातून निघते, तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावच्या बाजाराला जाते, अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगी गाठते. मागे बायको, टाकीवर पोर, हँडलला दोन्ही बाजूंना पिशव्या. आणि एसटी चुकली तर आजारी माणूसही तिच्यावरूनच दवाखान्यात पोचतो. म्हणून माझं म्हणणं असं की या जिल्ह्यात जुनी गाडी कशी दुरुस्त करावी याचा निकष कारखान्याच्या जुन्या माहितीपत्रकाने ठरवू नये. ज्या रस्त्यावर तिला जायचं आहे, त्या रस्त्याने ठरवावा. मूळचा भाग घाटाला पुरत असेल तर तो जिवापाड जपावा, आणि पुरत नसेल तर तो मूळचा आहे म्हणून त्याच्यासमोर हात जोडू नयेत.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी इथल्या गाड्यांवर धुळ्याचा एमएच १८ असे. नंदुरबारचा एमएच ३९ नंतरचा. त्यामुळे एखाद्या पडवीत पोत्याखाली झाकलेल्या गाडीवर एमएच १८ची पाटी निघाली, तर ती जिल्ह्याहूनही जुनी असण्याचा बराच संभव असतो. अशा गाड्यांची नावं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्‌सने बनवलेली १७३ सीसीची राजदूत; म्हैसूरच्या आयडियल जावाची, १९९६ पर्यंत निघत राहिलेली येझदी; १९८५ ते १९९६ या काळातली यामाहा आरएक्स १००; १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ मध्ये आलेली तिची धाकटी बहीण स्प्लेंडर. हौशी लोकांचा जीव आरएक्स आणि येझदीवर आहे, आणि त्यांच्या प्रेमाला मी नावं ठेवणार नाही. येझदीची किक मारून झाली की तोच दांडा पुढे गिअरचं काम करतो. ज्याने ही रचना कागदावर काढली, त्याच्या बुद्धीला दाद द्यावीच लागते. पण सातपुड्यातल्या पाड्यापर्यंत खरोखर जी जुनी गाडी पोचते, ती बहुतेक वेळा ९७.२ सीसीचं छोटं फोरस्ट्रोक इंजिन असलेली असते. त्या इंजिनाची घडण दशकानुदशकं फारशी बदलली नाही, म्हणून त्याचे पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा तालुक्याच्या दुकानात मिळतात. जुन्या गाडीचं आयुष्य तिच्या पोलादापेक्षा या दुकानांवर जास्त अवलंबून असतं.

घाट हा निकष का, ते टूस्ट्रोक इंजिनाकडे पाहिलं की स्वच्छ कळतं. राजदूत किंवा येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून टाकायचं असतं. पिस्टन आणि बेअरिंगला मिळणारं वंगण त्या मिश्रणातूनच येतं. सपाटीवर याचं काही बिघडत नाही. तोरणमाळच्या सातपायरी घाटातून खाली उतरताना मात्र ॲक्सिलरेटर बंद असतो, चाक इंजिनाला जोरात फिरवत असतं, आणि आत पेट्रोल जेमतेम जात असल्याने त्याच्याबरोबरचं ऑइलही जेमतेमच जातं. इंजिन सर्वांत वेगाने फिरतंय आणि वंगण सर्वांत कमी, अशी ही उलटी वेळ. इथेच पिस्टन जाम होतात. जाणते चालक क्लच दाबून मधून मधून ॲक्सिलरेटर थोडा पिळतात, तो आत ऑइल पोचावं म्हणून. आरएक्स १०० ला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे. पुष्कळ जण हा पंप कटकट म्हणून काढून टाकतात आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू लागतात. शिवाय याला सुधारणा म्हणतात. माझ्या मते डोंगराळ भागात ही सुधारणा नसून नुकसान आहे. पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर बंद असतानाही थोडं वंगण जातच राहतं. तो साफ करावा, त्यातली हवा काढावी, त्याची केबल खुणेला खूण जुळवून लावावी, आणि तो जागच्या जागी ठेवावा. रस्त्याचा निकष लावल्यावर प्रत्येक वेळी नव्याचाच जय होतो असं नाही, हे या पंपावरून दिसतं.

दिव्याच्या बाबतीत तोच निकष उलट उत्तर देतो. जुन्या राजदूतचा सहा व्होल्टचा दिवा गावच्या ओट्यापुढे ठीक. पावसाळ्यात, दरड आलेल्या वळणावर त्याचा उपयोग नाही. विजेचा हिशेब साधा आहे: तेवढ्याच वॅटच्या दिव्यासाठी व्होल्टेज दुप्पट केलं की प्रवाह निम्मा होतो, आणि वायरीत वाया जाणारी शक्ती चौथाईवर येते. म्हणून बारा व्होल्टची व्यवस्था हा खरा सुधार आहे. मात्र तो अर्धा करून चालत नाही. मॅग्नेटच्या कॉइल नव्याने भराव्या लागतात, रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवावा लागतो, बॅटरी, हॉर्न, इंडिकेटरचा फ्लॅशर, सगळंच बदलतं. याउलट बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब जुन्या हेडलाइटमध्ये कोंबणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. जुना रिफ्लेक्टर तारेच्या बल्बासाठी घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम जरा हलला की झोत विस्कटतो, रस्त्यावर कमी पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त जातो. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना समोरच्याचे डोळे दिपवणं हा अपराध मानायला हवा. दिवा बदलण्याआधी गंजलेली अर्थची जागा घासून पाहावी, जुना काळवंडलेला रिफ्लेक्टर बदलावा, वायरिंगचे सांधे सोलून पुन्हा जोडावेत. कितीतरी गाड्यांचा मंद दिवा एवढ्यानेच उजळतो. ब्रेकचंही तसंच. ड्रम ब्रेक कमजोर म्हणून डिस्कच्या मागे लागण्यापूर्वी ड्रम लेथवर साफ करून घ्यावा, लायनर नवे घालावेत, ताणलेली केबल फेकून द्यावी, कॅमला ग्रीस द्यावं. पुढे डिस्क बसवायची म्हणजे फोर्क, हब, मास्टर सिलिंडर असा अर्धा पुढचा भाग दुसऱ्या गाडीचा आणावा लागतो, आणि त्या जोडकामातला एखादा चुकीच्या मापाचा बोल्ट जुन्या ड्रमपेक्षा कितीतरी धोकादायक ठरू शकतो.

घरी दुरुस्ती म्हणजे सगळं घरीच करायचं, असा हट्ट मात्र नको. सिलिंडरचं बोअरिंग लेथवाल्याकडे, क्रॅंक दाबून जुळवणं प्रेस असलेल्या मिस्त्रीकडे, कॉइल वाइंडिंगवाल्याकडे. घरी व्हायचं ते उघडणं, धुणं, मोजणं आणि ठरवणं. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा जसा आधी दात पाहतो, मग त्याला चालवून चाल पाहतो आणि अंगावरची झळाळी सर्वांत शेवटी विचारात घेतो, तसं जुन्या इंजिनाकडे पाहावं लागतं. पिस्टन काढला की त्याच्या डोक्यावर कोरलेला आकडा वाचावा. मूळ मापानंतर ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर असे वाढीव पिस्टन येतात; प्रत्येक बोअरिंगबरोबर सिलिंडरची एक पायरी खर्च होते. १.०० चा पिस्टन निघाला, तर पुढच्या वेळी नवी स्लीव्ह किंवा नवा ब्लॉक लागणार, हे आजच कळतं. टाकीत लिंबूसत्त्वाचं पाणी आणि मूठभर नट घालून ती हलवली की गंज सुटतो. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन ताबडतोब वाळवली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल होते. या कामांत यंत्राची जी ओळख होते, ती गॅरेजचं बिल भरून होत नाही. घाटात, मोबाइलची रेंज नसलेल्या वळणावर गाडी बंद पडली, तर प्लग काढून ठिणगी पाहायची की आधी कॉक उघडून पेट्रोल येतंय का ते बघायचं, हे त्या ओळखीवर ठरतं.

यावर पहिला आक्षेप धुराचा, आणि तो टाळण्यासारखा नाही. टूस्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येत असतानाच बाहेर जाणारं द्वार उघडं असतं, त्यामुळे इंधनाचा मोठा वाटा न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो; बरोबर ऑइलचा निळा धूर. कितीही उत्तम बांधलेलं इंजिन हा दोष घालवू शकत नाही. म्हणून रोजच्या ये-जा करण्यासाठी टूस्ट्रोक पुन्हा उभी करण्याचं समर्थन मी करणार नाही; ती क्वचित निघावी, आणि सायलेन्सरची जाळी काढून गावभर आवाज करत तर कधीच निघू नये. पण हाच आक्षेप जुन्या फोरस्ट्रोकवर तसाच ढकलणं अन्यायाचं आहे. रिंगा झिजलेल्या, व्हॉल्व्हचं सील गेलेल्या, कार्बोरेटर बिघडलेल्या गाडीचा धूर हा वयाचा नसतो, दुर्लक्षाचा असतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्या तिच्याहून स्वच्छ आहेत यात शंका नाही. मात्र नवी गाडी घडवताना लागणारं पोलाद, ॲल्युमिनिअम, रबर आणि वीज यांचा धूरही कुठेतरी निघालेलाच असतो, आणि जी गाडी आठवड्यातून बाजारापुरती आणि शेतापुरती फिरते, तिच्या बाबतीत तो हिशेबातून वगळता येत नाही. दररोज लांबवर नोकरीला जाणाऱ्याने नवी घ्यावी. तिथे मी जुनीचा आग्रह धरणार नाही.

पेट्रोलच बदललंय, हा दुसरा आक्षेप अधिक व्यवहाराचा. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण येऊ लागलं. पुरुषोत्तमनगरचा सहकारी साखर कारखाना ज्या तालुक्यात आहे, त्या शहाद्याच्या ऊसकऱ्याला इथेनॉल परकं नाही. त्याच्या जुन्या गाडीच्या रबराला मात्र ते परकं आहे. जुने पाइप, कॉकचे वॉशर, फ्लोट चेंबरची रिंग फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि नवापूरच्या पावसात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ते तळाला बसून गंज धरवतं. इथे मूळच्या भागाचा आग्रह म्हणजे गळणारं पेट्रोल. इथेनॉल सोसणारे पाइप आणि रिंगा घालाव्यात, पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करावा. हा खर्च किरकोळ आहे आणि तो बाहेरून दिसतही नाही. कदाचित म्हणूनच रंगाच्या वादात त्याची आठवण कुणाला होत नाही.

कायद्याचा आक्षेप ऐकून मात्र थांबून विचार करायला हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर परवानगी आणि नोंदणीपुस्तकात नोंद हवी. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. मला ही बंधनं जाचक वाटत नाहीत. ब्रेक दुरुस्त करणं, दिवा योग्य जागी झोत टाकेल असा करणं, रबर बदलणं यांत गाडीचं मूळ रूप मोडत नाही. चासी कापून लांब करणं, मोठं इंजिन बसवणं यांत मोडतं. शंका असलेल्या बदलाबद्दल आरटीओत आधीच विचारावं. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी आली, वीस हजार रुपये शुल्काची. पण ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९८५ ची सीडी १०० त्या वयाला २०३५ मध्ये पोचेल, आणि तेव्हाही धडगावच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाला तो रस्ता कामाचा नसेल. कामाच्या जुन्या गाडीचा विचार करणारा नियम आपल्याकडे अजून व्हायचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनंही घेतली, ही चांगली सुरुवात आहे. मात्र त्या हक्काला धार येईल ती तळोद्याच्या मिस्त्रीला सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका मिळेल तेव्हा.

राहिला पैशांचा प्रश्न. येझदी पूर्ण बांधताना खर्च गाडीच्या किमतीपुढे सहज जातो, कारण क्रोम, रंग आणि दुर्मीळ भागांचे पैसे त्यात असतात. रस्त्याचा निकष लावला की हा खर्च आपोआप क्रमाने लागतो: आधी ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे बॉल-रेसर, चेनसेट, मग दिवा आणि वायरिंग, मग इंजिन, आणि उरलं तर रंग. लोक बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि टायरपाशी पैसे संपतात.

बांधून झालेली गाडी लगेच चांदसैलीला नेऊ नये. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी जुळायला काही शे किलोमीटर लागतात. तोवर ओझं कमी, वेग मध्यम आणि ॲक्सिलरेटर एकाच जागी धरून न ठेवता वरखाली करत चालवावं. त्यासाठी तापीकाठचा शहादा ते प्रकाशा हा सपाट रस्ता चांगला. मग पहिलं ऑइल गरम असतानाच काढावं, बोटांवर चोळून त्यातला धातूचा कण पाहावा, हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळावेत, व्हॉल्व्हचं अंतर फीलर गेजने तपासावं, स्पोक वाजवून ढिले शोधावेत. तोरणमाळ अकराशे मीटरच्या आसपास आहे. तिथली हवा खालच्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी विरळ, म्हणजे मिश्रण थोडं जास्त पेट्रोलचं होतं. शहाद्यात लावलेलं कार्बोरेटर वर गेल्यावर जरा जड वाटलं, तर जेटला हात लावू नये. खाली आल्यावर ते आपोआप ठीक चालतं. प्लगचा रंग पाहायचा तो शहाद्यातच, भरल्या वजनाची एक लांब फेरी मारून आल्यावर. तो तपकिरी निघाला की दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत, घाटाला लागावं.