न तोडलेला धागा

जुन्या वस्तूंच्या बाजारात मोल ठरविण्याची रीत घरातल्या रीतीच्या अगदी उलट असते. घरात जी वस्तू रोज हाताशी येते तिला मोल. बाजारात जिला कुणाचा हातच लागला नाही तिला मोल. लहान मुलांच्या जोडणीच्या खेळण्यांबाबत हा विरोध इतका ठळक आहे की, त्यावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. निमित्त आहे ‘मेकॅनो’ या खेळाचे.

आमच्या ज्येष्ठ वाचकांना हे नाव परके नसावे. रेल्वेच्या कारखान्यात, गोदीत किंवा बोटीवर नोकरी केलेल्या मंडळींच्या घरांतून हा खेळ कधी ना कधी डोकावून गेलेला आहे. ओळीने भोके पाडलेल्या पोलादी पट्ट्या, पितळेची दातेरी चाके, कप्प्या, लांब दांड्या, मूठभर नट-बोल्ट, एक पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर, एवढीच त्याची सामग्री. त्यातून मूल पूल बांधी, यारी उभारी, घड्याळ चालवी. मग सारे सुटे करून दुसऱ्या दिवशी नवे काही मांडी. पुढे ‘मेकॅनिक्स’ या नावाने त्याच जातीचा खेळ आपल्या देशातही तयार होऊ लागला आणि पुष्कळ घरांत पोहोचला.

या खेळाचा जनक फ्रँक हॉर्नबी हा इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होता. आपल्या मुलांसाठी तो घरी खेळणी करीत असे. एका नाताळच्या पूर्वसंध्येला, बाहेर हिम पडत असताना, आगगाडीच्या लांबच्या प्रवासात त्याला ही कल्पना सुचली, अशी हकिगत त्याने स्वतःच सांगून ठेवली आहे. प्रत्येक खेळण्यासाठी वेगळे भाग करण्यापेक्षा सर्व भाग एकमेकांना जुळतील असे का करू नयेत? त्याने तांब्याच्या पत्र्यातून पट्ट्या कापल्या, अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडली आणि १९०१ साली एकस्व मिळविले. ‘मेकॅनो’ हे नाव आले १९०७ साली. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील त्याच्या कारखान्यातून हे संच जगभर गेले. तो कारखाना १९७९ साली बंद पडला. फ्रान्समधील कॅले येथील कारखानाही २०२४ मध्ये थांबला.

इतक्या मोठ्या प्रमाणावर निघालेली वस्तू दुर्मीळ व्हावी कशी? संग्राहकांची दृष्टी समजून घेतली की याचे उत्तर मिळते. पहिले कारण युद्ध. १९२६ पर्यंत पट्ट्यांवर निकेलचा मुलामा असे. त्या वर्षी तांबडा व हिरवा रंग आला. १९३४ साली निळा व सोनेरी असा देखणा जोड आला. निळ्या पत्र्यांवर सोनेरी तिरप्या रेघांची जाळीही होती. पण काही वर्षांतच दुसरे महायुद्ध पेटले, पोलाद शस्त्रांकडे वळले आणि कारखाना युद्धसामग्री करू लागला. युद्धानंतर खेळणी परतली ती पुन्हा तांबड्या-हिरव्या रंगात. त्यामुळे निळ्या-सोनेरी संचाचे आयुष्य अल्प ठरले, आणि सोनेरी रंग बोल्टच्या घर्षणाने लवकर खरवडला जात असल्याने शाबूत रंगाचे भाग आज फार थोडे.

दुसरे कारण अपयश. १९३० च्या दशकात या कारखान्याने जोडणीची विमाने व मोटारी, विजेचे प्रयोग, रसायनशास्त्राचे प्रयोग असे नाना प्रकारचे संच काढून पाहिले. त्यांतले काही फार काळ टिकले नाहीत. त्या काळी दुकानात जे पडून राहिले, त्याचीच आज मोठ्या उत्सुकतेने चौकशी होते.

तिसरे कारण आम्हांस अधिक चिंतनीय वाटते. मेकॅनोचे संच क्रमांकाने चढत जात. वाढदिवसाला एक क्रमांकाचा संच मिळाला की नाताळला एक छोटी पुरवणी घ्यावी आणि त्याचा दोन क्रमांकाचा संच व्हावा, अशी सोय होती. अशा पायऱ्या चढत सर्वांत मोठ्या, खणांच्या लाकडी कपाटात येणाऱ्या दहा क्रमांकाच्या संचाचे स्वप्न पोरे पाहात. ते बहुतेकांचे स्वप्नच राही. या सोयीमुळे प्रत्येक लहान संच पुढच्या संचात विरघळून गेला. थोरल्या भावाच्या निकेलच्या पट्ट्यांत धाकट्याच्या हिरव्या पट्ट्या मिसळल्या, चुलतभावाचे तुटके चाक त्यात आले. आजोबांची पट्टी नातवाच्या बोल्टला बिनचूक बसे, हेच तर या खेळाचे वैशिष्ट्य. परिणामी, एकाच काळातला, एकाच रंगाचा, मूळ खोक्यातला संच आज शोधूनही सापडणे कठीण. जो मिसळला नाही तो दुर्मीळ.

यावर कळस म्हणजे धागा. नव्या संचातील भाग पुठ्ठ्यावर बारीक दोऱ्याने बांधलेले असत. मुलाने खोका उघडला की पहिली गोष्ट तो दोरा तोडण्याची. आज एखाद्या खोक्यात तो धागा शाबूत आढळला, तर संग्राहकाला आनंदाचे भरते येते. त्या धाग्याचा अर्थ एकच: हे खेळणे कधी खेळले गेले नाही. ज्याच्यासाठी ते घेतले तो मुलगा आजारी होता की अकाली निवर्तला, की ‘मोडशील’ या धाकाने कुणी ते कपाटात कुलूपबंद केले, हे तो धागा सांगत नाही. तो फक्त किंमत वाढवितो.

आमच्या घरी असा एक खोका होता. बोटीवर नोकरी करणाऱ्या काकांनी तो आणला होता. जुने घर पाडून तेथे इमारत उभी राहायची ठरली, तेव्हा सामानाच्या वाटण्या झाल्या आणि या खोक्यावर आम्हा भावंडांत चक्क मतभेद झाला. धाकट्याचे म्हणणे, परदेशात याला मोठी किंमत येते, विकून पैसे वाटून घ्यावेत. बहिणीचे म्हणणे, काकांची आठवण आहे, काचेच्या कपाटात ठेवावी. अखेर एका जाणकार गृहस्थांना बोलाविले. त्यांनी खोक्याचे झाकण मागितले. ते केव्हाच फाटून गेले होते. पुस्तिका मागितली, तिची पाने सुटी झाली होती. पट्ट्या उजेडात धरून त्यांनी दोन काळांचे भाग वेगळे केले, वाकलेले कोपरे दाखविले, मोरीत गेलेल्या मूळ नट-बोल्टांच्या जागी वडिलांनी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले नेमके ओळखले. मग सौम्यपणे म्हणाले, “तुम्ही फार खेळलात.” त्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून विक्रीचा प्रश्न आपोआप मिटला. तो खोका आता धर्मग्रामातील तरुण मंडळींकडे आहे. नाताळच्या गोठ्यात पाण्याचे रहाट फिरवायला त्यांना त्यातली दातेरी चाके उपयोगी पडतात.

“तुम्ही फार खेळलात” हे वाक्य मात्र आमच्या मनातून जाईना. बाजाराच्या भाषेत तो दोष होता. पण याच खेळण्याच्या इतिहासात असे काही तुकडे आहेत, जे वापरले गेले म्हणूनच जगाने जपून ठेवले. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठातील प्राध्यापक डग्लस हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी बहुतांशी मेकॅनोच्याच भागांतून एक गणनयंत्र उभारले. अणूच्या रचनेसंबंधीची किचकट समीकरणे त्याने सोडविली. त्याच धर्तीवर १९३५ साली केंब्रिजला बांधलेले यंत्र पुढे न्यूझीलंडला गेले आणि आज ऑकलंडच्या संग्रहालयात आहे. मेकॅनोचे अमेरिकन भावंड म्हणजे ‘इरेक्टर’. त्याचे भाग वापरून १९४९ साली येल विद्यापीठातील विल्यम सूएल या वैद्यकीय विद्यार्थ्याने कृत्रिम हृदयाचा पंप तयार केला. एका कुत्र्याच्या हृदयाच्या उजव्या बाजूचे काम त्या पंपाने तासाभराहून अधिक वेळ सांभाळले. तो पंप वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने जतन केला आहे. त्या पट्ट्यांवर ओरखडे असतील, रंगही उडाला असेल. पण त्यामुळे त्यांचे मोल कमी झालेले नाही.

संग्राहकांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या चिकाटीमुळेच कोणत्या साली कोणता रंग होता, हे आज आपणांस कळते. कारखाना बंद पडला, कागद विखुरले, तरी या माणसांनी एकेक पट्टी पारखून तो इतिहास सांधला. न वापरलेला एखादा संच जपला गेला नसता, तर मूळ रूप कसे होते हे कुणी सांगितले असते? जतन करणे ही देखील सेवाच आहे. मात्र ती थोड्यांची सेवा आहे. घराघराने ती पत्करली तर खेळायचे कुणी?

आपल्या कुटुंबांत हा प्रश्न फार जवळचा आहे. आखातातून, बोटीवरून आलेले खेळणे दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात चढते आणि पाहुण्यांना दाखविले जाते. मूल मात्र काचेवर नाक टेकून बाहेरच उभे असते. आई-वडिलांचा हेतू वाईट नसतो. कष्टाच्या पैशाची वस्तू आहे, मोडेल, हरवेल, ही भीती साहजिक आहे. पण धन्याने सोपविलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आठवावा. त्याने एक पैही गमावली नव्हती; जसेच्या तसे परत आणून दिले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याचा धागा शाबूत होता. तरीही धन्याने त्याला शाबासकी दिली नाही. आणि बेथानीच्या घरात त्या स्त्रीने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणी ओतले, तेव्हा भोवतालच्यांनी हिशोब मांडला की हे विकले असते तर किती आले असते. तो हिशोब चूक नव्हता; पण प्रभूने बाजू घेतली ती तेल ओतणारीची.

येत्या नाताळला आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादा खोका येईल. तो मेकॅनोचा नसेल, प्लॅस्टिकचा असेल, स्वस्तातला असेल. मोठ्यांनी तो मुलाच्या हाती द्यावा, आतला धागा त्यालाच तोडू द्यावा, आणि जमल्यास शेजारी मांडी घालून बसावे. चार भाग हरवतील. पन्नास वर्षांनी कुणा जाणकाराने तो खोका तपासला तर तो मान हलवील आणि किंमत कमी सांगेल. सांगू द्यावी.