आयत्या वेळचे विषय

इंग्लंडातल्या एखाद्या गावाला रस्त्याच्या कडेला साधं बाक टाकायचं असेल, तरी कायद्याचा आधार लागतो. तो १९५७ च्या पॅरिश कौन्सिल्स ॲक्टमध्ये आहे. पहिल्या कलमात बाकं आणि निवारे, दुसऱ्यात सार्वजनिक घड्याळं, तिसऱ्यात रस्त्यावरचे दिवे. सुएझचं प्रकरण नुकतंच अंगावर शेकलेलं, साम्राज्य हातातून निसटत चाललेलं, आणि वेस्टमिन्स्टरमधली मंडळी बाकांवर कलमं लिहीत बसलेली! हसू येतं खरं. पण गावाच्या बैठकीला जाऊन बसलं की कळतं, बाकाचा विषय तासभर सहज पुरतो.

मी राहते ते गाव लंडनच्या दक्षिणेला, सरे काउंटीत. चर्च, पब, एक दुकान, प्राथमिक शाळा, आणि जिला सगळे नुसतं 'हॉल' म्हणतात ती कौलारू इमारत. हॉलच्या भिंतीवर पॅरिश कौन्सिलचा सूचनाफलक आहे. काचेला आतून ओल धरलेली, टाचण्या गंजलेल्या, त्या गंजाचे तांबूस ओघळ कागदांवर उतरलेले. एका कोपऱ्यात हरवलेल्या मांजराचा फोटो, दुसऱ्यात योगाच्या वर्गाची जाहिरात, आणि मधोमध, बैठकीआधी पूर्ण तीन दिवस लागलेलाच असला पाहिजे असा अजेंडा. गैरहजर सभासदांची दिलगिरी. हितसंबंध जाहीर करणे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा जन्मात एकदा जरी पाहिली असेल, तरी हा मजकूर ओळखीचा वाटावा.

पॅरिश कौन्सिल ही कारभाराची सगळ्यात खालची पायरी. वर डिस्ट्रिक्ट, त्याच्याही वर काउंटी. रस्त्यातले खड्डे काउंटीचे, कचरा डिस्ट्रिक्टचा, घराच्या बांधकामाची परवानगीही डिस्ट्रिक्टची. पॅरिशने त्यावर मत कळवायचं, इतकंच. हाती उरतं ते असं: बाकं, हिरवळ, मुलांचे झोपाळे, दफनभूमी, युद्धस्मारक, आणि भाजीपाला लावायला भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे, म्हणजे अलॉटमेंट. एका पूर्ण तुकड्याचं माप अजूनही दहा 'रॉड', अंदाजे अडीचशे चौरस मीटर. मेट्रिक पद्धत येऊन जमाना झाला, कोबी-बटाट्यांना त्याचा पत्ता नाही. या सगळ्याचा खर्च डिस्ट्रिक्ट आपल्या घरपट्टीबरोबर पॅरिशची पट्टीही गोळा करतं, त्यातून भागतो. सभासदांना पगार नाही. पगार फक्त क्लार्कला, तोही बहुधा अर्धवेळेचा.

नोव्हेंबरच्या एका ओल्या संध्याकाळी साडेसात वाजता बैठक असते. हॉलमध्ये एकावर एक रचलेल्या खुर्च्या ज्याने त्याने काढून घ्यायच्या, रेडिएटर तापता तापता ठोके देत राहणार, ओल्या कोटांचा वास. आत जाऊन बसायचा हक्क कोणालाही आहे, आणि तो मिळवून देणारी व्यक्ती म्हणजे मार्गारेट थॅचर. १९६० साली नवख्या खासदार असताना त्यांनी संसदेतल्या पहिल्याच भाषणात मांडलेलं खाजगी विधेयक हेच: कौन्सिलच्या बैठका पत्रकारांना आणि लोकांना खुल्या करा. पुढे बाईंनी काय काय बंद केलं याच्या याद्या लोक आजही सांगतात, पण माझ्या खुर्चीपुरती मी त्यांची ऋणी आहे.

त्या दिवशीचा विषय होता बाकच. गावातले एक आजोबा वारले, त्यांच्या नावाने कुटुंब बाक देणार होतं. खर्च त्यांचा, जागा पॅरिशची. प्रश्न एवढाच, की बाकाचं तोंड कुठे असावं. एका सभासदाचं म्हणणं, डोंगराकडे. बाक हवं तर समोर देखावा नको का? दुसऱ्याने आराखडाच आणला होता, रंगीत पेन्सिलींनी काढलेला. सूर्य कुठल्या महिन्यात कुठून येतो तेही त्यात होतं. तिसऱ्या बाईंना काळजी बाकाखालच्या गवताची, ते कापायचं यंत्र आत शिरेल का याची. मग चेअरनी प्रेक्षकांत बसलेल्या आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, "रस्त्याकडे. डोंगर त्यांनी कधी पाहिला नाही. कोण कुठे चाललंय ते पाहायचे." सगळा हॉल हसला, आजीही हसल्या. क्लार्कबाईंनी मान खाली घालून लिहिलं: चर्चेअंती ठरले की बाक रस्त्याच्या दिशेने बसवावे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. डोंगरवाल्या सभासदानेही हात वर केला.

या कौन्सिलला करता येण्यासारखं फार थोडं असतं, आणि ते थोडंसुद्धा लिहून ठेवल्याशिवाय ती करत नाही. खड्ड्याबद्दल ती काउंटीला पत्र लिहिते, पत्र लिहिलं याची नोंद करते, उत्तर आलं नाही याचीही नोंद करते. पुढच्या महिन्यात पुन्हा. खड्डा तिथेच असतो, पण आता तो कागदावर असतो, आणि कागदावरचा खड्डा काउंटीलाही फार काळ नाकारता येत नाही. ही खोड जुनी आहे. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत उतरवावीत. १६०१ च्या कायद्याने गावातल्या गरिबांना पोसणंही पॅरिशच्या अंगावर आलं, म्हणजे कोण आपला गरीब आणि कोण पलीकडच्या गावचा, हेही लिहून ठेवणं आलं. त्या वह्यांत दया आहे आणि निर्दयपणाही आहे. परक्या गावच्या गरोदर बाईला बाळंतपणाआधी वेशीबाहेर काढायची घाई याच व्यवस्थेतून आली. मूल इथे जन्मलं तर इथलं ठरेल, आणि इथलं ठरलं तर खर्च पडेल.

तेव्हाचा कारभार चर्चच्या खोलीत भरणाऱ्या 'व्हेस्ट्री'कडे, म्हणजे पाद्री आणि जमीनदार यांच्याकडे. निवडून दिलेली कौन्सिल आली १८९४ च्या कायद्याने, आणि पहिल्या निवडणुका त्याच डिसेंबरात झाल्या. त्या कायद्यातली एक ओळ मला फार आवडते: गावसभा संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करायची नाही. शेतमजूर कामावरून सुटून येईपर्यंत जमीनदाराने ठराव उरकून टाकू नयेत, ही त्यामागची मेख. गावाच्या वार्षिक सभेला ती अट आजही लागू आहे. याच कायद्याने बायकांना, अगदी लग्न झालेल्या बायकांनाही, पॅरिशसाठी मत देता आलं आणि उभंही राहता आलं. संसदेसाठी त्यांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं.

मराठी वाचकाला इथे आणखी एक माणूस आठवायला हवा. पुण्याचा रेसिडेंट आणि मग मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई बुडाल्यावर, १८१९ साली त्याने जिंकलेल्या मुलखावर अहवाल लिहिला. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बारा बलुतेदार, सगळे त्यात आहेत. त्याचं निरीक्षण असं, की इथलं प्रत्येक गाव आपल्यापुरतं छोटंसं राज्यच आहे, आणि वरची सगळी सरकारं उठून गेली तरी ते आपल्या माणसांना बव्हंशी सांभाळून घेईल. हा गृहस्थ म्हातारपणी याच सरे काउंटीत, लिम्प्सफील्ड गावी येऊन राहिला आणि १८५९ साली तिथेच वारला. मराठी गावांवर असं लिहिणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या गावाला निवडून दिलेली कौन्सिल मिळाली ती त्याच्यामागे पस्तीस वर्षांनी. मुंबई इलाख्यात मात्र व्हाइसरॉय रिपनच्या धोरणामुळे १८८४ सालीच तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डांचा कायदा झाला होता. मत मूठभरांना होतं आणि कलेक्टरची सावली मोठी होती, पण कागदावर आपला तालुका लिम्प्सफील्डच्या दहा वर्षं पुढे होता.

आज चित्र उलटं दिसतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक म्हणजे गुलाल, डीजे, भावकीची पंचवीस वर्षं जुनी उणीदुणी. 'बिनविरोध' झाली तर गावाची वाहवा. इथे बिनविरोध हाच रिवाज, कारण उभं राहायला कोणी तयार नसतं. दर चार वर्षांनी फलकावर अर्ज मागवणारा कागद लागतो. जागा सात, अर्ज पाच. मग उरलेल्या जागांवर कौन्सिल स्वतःच कुणाला तरी गळ घालून घेते. भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्यालाही राष्ट्रकुलाच्या नात्याने मत आहे, पण पॅरिशपुरती ते वापरायची वेळ क्वचितच येते. शेवटी कौन्सिलवर येतात ते बरेचसे निवृत्त. वेळ त्यांच्याकडेच असतो, आणि गावात घर घेण्याची ऐपत असलेलेही पुष्कळदा तेच असतात.

इथे मला या मंडळींचा रागही येतो. शाळेचा पट घसरतोय, बसच्या फेऱ्या कमी झाल्या, पबला गिऱ्हाईक नाही, म्हणून महिन्यामागून महिने हळहळ. तरुण कुटुंबं यायला हवीत यावर एकमत. आणि गावाबाहेरच्या कुरणावर परवडणाऱ्या घरांचा प्रस्ताव आला, की एरवी रिकाम्या असलेल्या खुर्च्या कमी पडतात. गाड्यांची वर्दळ, गटारांवरचा ताण, वटवाघळं. वटवाघळांची काळजी मनापासूनची असेल, पण ती अशाच संध्याकाळी का दाटून येते? त्या दिवशीचं इतिवृत्त मी वाचलं. आक्षेप क्रमवार होते, भाषा सभ्य होती, आणि कुरणात ज्यांनी राहायचं होतं त्यांच्यापैकी एकाचंही म्हणणं त्यात नव्हतं. ते या गावात राहतच नाहीत, तर बैठकीला येणार कुठून?

भांडणंही होतात, आणि सत्ता जितकी बारीक तितकी ती कडाक्याची. चेशरमधल्या हँडफोर्थ पॅरिशची डिसेंबर २०२० मधली झूमवरची बैठक फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभर पाहिली गेली. बैठक चालवायला आलेल्या जॅकी वीव्हर या बाईंना, तुम्हाला इथे काडीचाही अधिकार नाही, असं चेअरनी सुनावलं, आणि बाईंनी शांतपणे त्यांनाच बैठकीबाहेर काढलं. लॉकडाउनमध्ये घरी कोंडलेला सगळा देश पोट धरून हसला. हसताना पुष्कळांना आपापला हॉल आठवला असणार.

एल्फिन्स्टनचं ते निरीक्षण इंग्लंडात आता वेगळ्या तऱ्हेने खरं ठरतंय. १ एप्रिल २०२३ ला नॉर्थ यॉर्कशर, सॉमरसेट आणि कम्ब्रियातली डिस्ट्रिक्ट कौन्सिलं मोडीत निघाली आणि सगळा कारभार मोठ्या एकसंध कौन्सिलांकडे गेला. उरलेल्या काउंट्यांतही तेच करायचं सरकारने ठरवलंय. डिस्ट्रिक्टं १९७४ ची, पन्नाशीही धड गाठली नाही. पॅरिश मात्र जागच्या जागी. वरची पायरी निघाली, की तिची कामं खाली घरंगळतात. पैसा संपत आलेली मोठी कौन्सिल सार्वजनिक शौचालयं आणि बागा पॅरिशच्या गळ्यात घालते. आमच्या क्लार्कबाई आताच धास्तावल्या आहेत. अर्धवेळेच्या पगारात बाकांचा हिशेब जमतो, शौचालयाचं कंत्राट कसं जमायचं? चेअर म्हणाले, पाहू. इतिवृत्तात 'पाहू' लिहिता येत नाही, म्हणून बाईंनी 'माहिती नोंदवून घेतली' असं लिहिलं.

त्याच नोव्हेंबरच्या बैठकीत एक जुना विषय होता. युद्धस्मारकाच्या दगडावर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं आहेत, एकच आडनाव तीनदा. दरवर्षी अकरा तारखेच्या जवळच्या रविवारी ती मोठ्याने वाचतात. गावातल्या एका बाईंनी जुनी कागदपत्रं चाळून आणखी एक नाव काढलं होतं. शेजारच्या गावात जन्मलेला, इथल्या शेतावर कामाला असलेला मुलगा. त्याच्या जन्मगावच्या दगडावरही तो नव्हता. इथे कोरायचा की तिथे? सतराव्या शतकातला 'आपला कोण' हाच प्रश्न, फक्त या वेळी दोन्ही गावं त्याला आपला म्हणायला तयार. पाथरवटाचं दरपत्रक मागवायचं ठरलं. विषय मिटायला पाच मिनिटं लागली नाहीत, आणि बाकाला तासभर लागला होता.

आपल्याकडे अजेंड्याच्या शेवटी ठरलेली ओळ असते: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. खरी सभा तिथूनच सुरू होते. इथे ती सोय नाही. अजेंड्यावर आधी जाहीर न केलेल्या गोष्टीवर पॅरिश कौन्सिलला निर्णयच घेता येत नाही. घेतला तर बेकायदा. त्यामुळे बैठक संपता संपता मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले, दुकानाकडच्या वळणावरचा दिवा बंद असल्याचं सांगू लागले, तेव्हा क्लार्कबाईंनी पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्याच्या अजेंड्यावर घेते."

दुसरी योग्य जागा परवडत असेल तोवर दारू मिळते तिथे बैठक भरवायची नाही, असंही कायदा सांगतो. म्हणून बैठक हॉलमध्ये, आणि नंतर सगळे समोरच्या पबमध्ये. दिवेवाले गृहस्थ बिअर घेऊन चेअरच्या शेजारी जाऊन बसले. दिवा काउंटीचा की पॅरिशचा यावर तीन मतं निघाली. डोंगरवाल्या सभासदाने खांबावरच्या नंबराचा फोटो मोबाइलमध्ये आधीच काढून ठेवला होता. क्लार्कबाई शेजारच्या टेबलावर चिप्स खात होत्या, आणि कोणी हाक मारली की फक्त एवढंच म्हणायच्या, "मी घरी गेलेय."