‘तू घेतलेस का?’

परवा टोरांटोहून भाचीचा फोन आला. तिचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात ते. आता सतरा वर्षांचा झालाय आणि एकटा बसने जायला लागलाय. आनंदाचीच गोष्ट. पण बोलता बोलता तिचा आवाज उतरला. म्हणाली, "मावशी, उद्या पोलिसाने काही विचारलं तर हा काय सांगेल गं?"

मला एकदम तो खटला आठवला. 23 एप्रिल 2018 रोजी टोरांटोच्या यंग स्ट्रीटवर एका तरुणाने भाड्याची व्हॅन फुटपाथवरच्या माणसांवर घातली. दहा जण गेले, सोळा जखमी झाले. त्यांतली एक बाई तीन वर्षांनी गेली. कोर्टात बचाव असा, की आरोपी स्वमग्न आहे, त्याला दुसऱ्याचं दुःख जाणवत नाही, म्हणून आपण वाईट करतोय हे त्याला कळलंच नाही. भाची तेव्हा फोनवर रडली होती. "म्हणजे माझा मुलगाही...?" पुढे तिला बोलवेना. स्वमग्नांसाठी काम करणाऱ्या संस्थांनीही या बचावाला जाहीर हरकत घेतली होती.

3 मार्च 2021 रोजी न्यायाधीश अ‍ॅन मॉलॉय यांनी निकाल दिला. त्याला प्रसिद्धी हवी होती, म्हणून निकालपत्रात त्यांनी त्याचं नावच घेतलं नाही. मीही घेत नाही. स्वमग्नता कायद्यातल्या ‘मानसिक विकारा’त बसू शकते, हे त्यांनी मान्य केलं. पण समाज या कृत्याला चूक मानतो, हे याला ठाऊक होतं. कळवळा न वाटणं वेगळं आणि चूक न कळणं वेगळं. 2022 मध्ये त्याला जन्मठेप झाली. मला हे पटलं.

आपल्याकडेही कायदा हेच विचारतो. दंड संहितेचं जुनं कलम 84 आता, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, न्याय संहितेत कलम 22 झालं. प्रश्न तोच: आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे त्या क्षणी कळण्याची कुवत होती का? नुसतं डॉक्टरांचं सर्टिफिकेट पुरत नाही.

मग स्वमग्नतेचा कोर्टात काहीच विचार नको का? तर तसंही नाही. ब्रिटनच्या गॅरी मॅकिननने 2001-02 मध्ये अमेरिकन लष्कराच्या आणि नासाच्या संगणकांत शिरकाव केला. म्हणे परग्रहावरच्या यानांचे पुरावे शोधत होता! त्याला अ‍ॅस्पर्गर आहे, हे 2008 मध्ये कळलं. अमेरिकेत पाठवलं तर तो जीव देईल, या भीतीने 2012 मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी त्याची पाठवणी रोखली. ‘केलंच नाही’ असं कोणी म्हटलं नाही. या माणसाला कसं वागवायचं, एवढाच प्रश्न होता.

आता माझं सांगते. 1986 सालची गोष्ट. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. कोणाच्या डोळ्यांत बघायचा नाही, पण रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ. एकदा सहलीचे पैसे माझ्या टेबलाच्या खणातून नाहीसे झाले. मी विचारलं, "तू घेतलेस का?" तो खिडकीकडे बघत म्हणाला, "हो." झालं! मी त्याला सगळ्यांसमोर पाच छड्या मारल्या. तो रडलाही नाही, त्याचा मला जास्तच राग आला.

दोन दिवसांनी कपाटातलं नकाशाचं पुस्तक उघडलं, तर आत सगळ्या नोटा. नंबराप्रमाणे नीट लावून ठेवलेल्या. एक रुपया कमी नव्हता. ‘घेतलेस का’ला त्याने खरं तेच उत्तर दिलं होतं. ‘कुठे ठेवलेस’ हे मी विचारलंच नव्हतं.

ऑटिझम हा शब्द तेव्हा मी ऐकलाही नव्हता. पण माफी मागायला तो शब्द कशाला हवा होता? बाईंनी मुलाची माफी मागायची नसते असं वाटलं, आणि ते राहूनच गेलं.

म्हणून मला वाटतं, स्वमग्नता ही सुटकेची चिठ्ठी नसावी. तसं झालं तर माझ्या भाचीच्या मुलासारख्या निरपराध मुलांकडे लोक भीतीने बघतील. पण पोलीस चौकीत ‘हो’ म्हणणाऱ्या, नजर चुकवणाऱ्या, न रडणाऱ्या मुलाला त्यावरूनच गुन्हेगार ठरवू नये. आणखी एक प्रश्न विचारावा. मी तो विचारला नाही.

असो. भाचीला मी एवढंच म्हटलं, त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेव: ‘मी स्वमग्न आहे. कृपया सावकाश विचारा.’