मळमड्डीतला मुक्काम

धारवाड पाहायचे तर मुक्काम मळमड्डीत करावा. स्टेशन जवळ, गल्ल्या पायी हिंडण्याजोग्या. दिवाळीच्या सुट्टीत बारावीतल्या लेकीला घेऊन दोन दिवस गेलो. 1917 सालचे कर्नाटक कॉलेज तिला दाखवायचे होते. पुढे मराठी घ्यावी की कन्नड, यावर आमच्या घरी वर्षभर वाद चालू आहे. हिचे माहेर कन्नड, त्यामुळे वादाला धार!

संध्याकाळी साधनकेरीला गेलो. तळ्याजवळ बेंद्रेअज्जांचे घर. घरची भाषा मराठी, आणि माणूस कन्नडचा वरकवी! याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि मराठी कथा लिहीत. 1973 चे ज्ञानपीठ बेंद्र्यांना, त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार जीएंच्या 'काजळमाया'ला. (जीएंनी तो परत केला, ती गोष्ट निराळी.)

"मग मी दोन्ही वाचीन, परीक्षेला कुठलीही असो," लेक म्हणाली. तिच्या आईला हे अजून पटलेले नाही.

दुसऱ्या दिवशी लाइन बाजारात पेढ्यांसाठी रांग. लेक पुढच्या अज्जींशी कन्नडमध्ये गप्पा मारत होती, माझ्याशी मराठीत भांडत होती. किलोभर पेढे घेतले. बेळगाव येईपर्यंत अर्धेच उरले.